रॅकेटबॉल (स्क्वॅश ५७) : हौशी सांघिक लीग

ब्रिटनमधील स्क्वॅश क्लबांच्या संघांत खेळली जाणारी रॅकेटबॉलची साखळी स्पर्धा. रॅकेटबॉल म्हणजे चार भिंतींच्या स्क्वॅश कोर्टात मोठ्या चेंडूने खेळायचा खेळ. खेळ एकास एक असतो. एका क्लबचे तीन, चार किंवा पाच खेळाडू दुसऱ्या क्लबच्या तितक्याच खेळाडूंशी एकाच संध्याकाळी स्वतंत्रपणे खेळतात आणि त्यांच्या निकालांची बेरीज संघाच्या नावावर जमा होते. कोर्टवर जोडीदार नाही, पास देणारे कोणी नाही, तरी निकाल संघाचा. म्हणून लीगच्या नियमावलीत चेंडू कसा मारावा याविषयी फारसे काही सापडत नाही. कोणी कोणाशी खेळायचे आणि जिंकलेल्या गेमला किती गुण द्यायचे, या दोन प्रश्नांवरच तिची बहुतेक कलमे खर्च झालेली असतात.

पुढील विवेचनात दोन संघांच्या संपूर्ण भेटीला ‘सामना’ आणि त्यातील दोन खेळाडूंच्या खेळाला ‘लढत’ म्हटले आहे.

खेळाची ओळख

याच नावाचा अमेरिकेतला खेळ वेगळा. तो १९५० मध्ये कनेटिकट राज्यात जो सोबेक यांनी सुरू केला. त्याचे कोर्ट ४० फूट लांब व २० फूट रुंद असते आणि छतावर लागलेला चेंडूही खेळात धरला जातो. हा खेळ ब्रिटनमध्ये आणायचा तर नवी कोर्टे बांधणे आले. स्क्वॅशची कोर्टे मात्र तेथे गावोगावी होती. १९७६ मध्ये इयान राइट यांनी अमेरिकी खेळाची रॅकेट आणि चेंडू यांत बदल करून तो स्क्वॅश कोर्टात बसवला. चेंडू अमेरिकी चेंडूपेक्षा कमी उसळणारा घेतला, कारण ९.७५ मीटर लांब व ६.४ मीटर रुंद कोर्टात मूळचा चेंडू आवरला नसता. ब्रिटिश रॅकेटबॉल असोसिएशन १९८४ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१६ मध्ये जागतिक स्क्वॅश महासंघाने या खेळाला ‘स्क्वॅश ५७’ हे नाव दिले. ५७ म्हणजे चेंडूचा मिलिमीटरमधील व्यास. स्क्वॅशचा चेंडू सुमारे ४० मिलिमीटरचा असतो. क्लबातले जुने लोक अजूनही रॅकेटबॉलच म्हणतात.

मोठा चेंडू जास्त उसळतो, हवेत जास्त वेळ राहतो. त्यामुळे नवख्यालाही पहिल्याच दिवशी रॅली (चेंडूची सलग देवाणघेवाण) करता येते आणि गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेल्या स्क्वॅशपटूला आणखी काही वर्षे कोर्टवर काढता येतात. हौशी लीगमध्ये या दोन्ही प्रकारची मंडळी भरपूर दिसतात. बऱ्याच लीगमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच संघातून खेळतात. क्रम लावताना वय किंवा लिंग पाहिले जात नाही, फक्त ताकद पाहिली जाते.

मुंबईच्या जिमखान्यांतील स्क्वॅश कोर्टांवर हा खेळ वेगळी बांधणी न करता खेळता येईल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॅशचा समावेश करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्याच अधिवेशनात घेतला, पण तो लहान चेंडूच्या स्क्वॅशपुरता आहे.

लढतीचे नियम

रॅकेट स्क्वॅशच्या रॅकेटपेक्षा आखूड, साधारण ५५ सेंटिमीटरची. सर्व्हिस करताना चेंडू हवेत न उडवता जमिनीवर टप्पा पाडून मारायचा आणि त्या वेळी एक पाय सर्व्हिसच्या चौकटीत ठेवायचा. चेंडू समोरच्या भिंतीवर, खालच्या टिनच्या पट्टीच्या वर आणि वरच्या ‘आउट’ रेषेच्या खाली लागून विरुद्ध बाजूच्या मागच्या चौकोनात पडला पाहिजे. स्क्वॅशप्रमाणे तो मधल्या सर्व्हिस रेषेच्या वरच लागावा अशी अट नाही. त्यानंतरचा खेळ स्क्वॅशसारखाच चालतो : बाजूच्या व मागच्या भिंती खेळात, छत बाद, दुसरा टप्पा पडण्याआधी चेंडू परत.

प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. अकरा गुणांना गेम. १०-१० झाले की दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत खेळायचे. पाचपैकी तीन गेम जिंकणारा लढत जिंकतो. कोर्ट तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतलेले असेल तर काही ठिकाणी तीनपैकी दोनवर भागवतात. जुन्या स्क्वॅशमध्ये गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे आणि गेम नऊचा असे. त्या हिशेबाने एखादी लढत किती वेळ रेंगाळेल याचा भरवसा नसायचा. एका संध्याकाळी दोन कोर्टांवर पाच लढती उरकायच्या असलेल्या लीगला प्रत्येक रॅलीला गुण ही पद्धत म्हणजे मोठा दिलासा आहे.

प्रतिस्पर्धी वाटेत आला तर ‘लेट’ किंवा ‘स्ट्रोक’ मागता येतो. लेट म्हणजे रॅली पुन्हा, स्ट्रोक म्हणजे थेट गुण. हौशी सामन्यात पंच बाहेरून येत नाही. आधी खेळून मोकळा झालेला किंवा पाळीची वाट पाहणारा खेळाडूच मार्कर होतो, सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी पुकारतो आणि लेटचे निवाडेही देतो. तो दोनपैकी एका संघाचा असणारच, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा त्याच्या भिडेवर सोडलेली असते. वादावादी होते ती बहुधा इथेच. दोन्ही संघांनी आळीपाळीने मार्कर द्यावा, असा उपाय काही नियमावल्यांत लिहिलेला असतो.

संघाचे गुण

सामना कोणी जिंकला हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत : जिंकलेल्या लढती मोजणे किंवा जिंकलेले गेम मोजणे. दोन्हींत किती फरक पडतो ते एका काल्पनिक निकालावरून दिसेल. पाच लढतींत अ संघाचे निकाल असे लागले : ३-१, ०-३, ३-२, १-३, ३-२. अ संघाने तीन लढती जिंकल्या, ब संघाने दोन. गेम मोजले तर अ संघाचे १० आणि ब संघाचे ११. फक्त लढती मोजणाऱ्या लीगमध्ये अ विजयी. फक्त गेम मोजणाऱ्या लीगमध्ये ब.

त्यामुळे मधला मार्ग रूढ आहे : प्रत्येक गेमला एक गुण आणि शिवाय जास्त लढती जिंकणाऱ्या संघाला ठरावीक बोनस. बोनस तीन धरला तर वरच्या सामन्यात अ संघाला १३ आणि ब संघाला ११ गुण मिळतील. हरलेला संघ रिकाम्या हाताने घरी जात नाही.

तिन्हींत हीच पद्धत सरस म्हणावी लागेल. निव्वळ लढती मोजल्या तर पहिल्या तीन लढती एकाच बाजूने गेल्यावर उरलेल्या दोन खेळाडूंना खेळण्याचे काही कारणच राहत नाही. गेमला गुण असला की ०-२ ने मागे पडलेल्या पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूलाही तिसऱ्या गेममध्ये जीव ओतावा लागतो; २-३ ने हरूनही तो संघाच्या खात्यात दोन गुण टाकतो. मोसमाअखेर लीगमधला वरचा वर्ग (संघांची वरची पातळी) मिळणार की नाही हे अशाच सुट्या गेमांवर ठरते.

चार खेळाडूंच्या संघात २-२ अशी बरोबरी संभवते. तेव्हा आधी गेम आणि तेही सारखे असतील तर सर्व रॅलींचे गुण मोजून बोनस देतात, किंवा तो अर्धा-अर्धा वाटतात. विषम संख्येचा संघ ठेवला की ही कटकटच उरत नाही.

ताकदीचा क्रम

नियमावलीतले सर्वांत महत्त्वाचे कलम हे. संघातला सर्वांत चांगला खेळाडू पहिल्या क्रमांकावर, त्यानंतरचा दुसऱ्यावर, असा खरा क्रम कर्णधाराने लावला पाहिजे. पहिला पहिल्याशी खेळतो, दुसरा दुसऱ्याशी. हे कलम नसते तर कर्णधाराने सर्वांत कच्चा खेळाडू बळीचा बकरा म्हणून पहिल्या क्रमांकावर उभा केला असता आणि बाकीचे एकेक पायरी खाली सरकवले असते. एक लढत ०-३ अशी गेली, तरी उरलेल्या चारही ठिकाणी आपला खेळाडू समोरच्यापेक्षा वरचढ ठरला असता.

क्रम खरा आहे हे सिद्ध करणे मात्र अवघड. क्लबची अंतर्गत शिडी (खेळाडूंची ताकदीनुसार क्रमवारी) आणि आधीच्या सामन्यांचे निकाल यांवर भिस्त ठेवावी लागते. दोन खेळाडू खरोखरच तोडीस तोड असतील तर त्यांची अदलाबदल चालवून घेतात. पण तिसऱ्या क्रमांकाचा माणूस अचानक पाचव्यावर दिसला की प्रतिस्पर्धी कर्णधार लीगच्या सचिवाकडे तक्रार करणारच.

एखादा खेळाडू आला नाही तर त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. तिसरा गैरहजर असेल तर चौथा तिसऱ्यावर, पाचवा चौथ्यावर सरकतो आणि राखीव खेळाडू तळाला येतो. राखीवही नसेल तर तळाची लढत प्रतिस्पर्ध्याला ०-३ ने बहाल होते. नाहीतर प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत तगडा खेळाडू असेल नेमकी तीच जागा रिकामी ठेवण्याची युक्ती कोणीही केली असती.

ज्या क्लबचे दोन-तीन संघ वेगवेगळ्या वर्गांत खेळतात तिथे आणखी एक बंधन येते. खालच्या संघातल्या खेळाडूला वरच्या संघात बदली म्हणून खेळता येते, पण नियमात दिलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा तो वर खेळला की त्या मोसमात खाली परतता येत नाही. पहिल्या संघाचा सामना नसलेल्या आठवड्यात त्यातले दोघे दुसऱ्या संघात घुसवण्याचा मोह यामुळे आवरला जातो.

सामन्याची संध्याकाळ

कोर्ट, चेंडू आणि सामन्यानंतरचे जेवण ही यजमान क्लबची जबाबदारी. दोन कोर्टे मिळाली तर एका कोर्टवर पाचवी, तिसरी आणि पहिली लढत, दुसऱ्यावर चौथी आणि दुसरी, असा क्रम सोयीचा पडतो; मोठी लढत शेवटी येते आणि प्रेक्षक थांबतात. उशिरा येणाऱ्यासाठी सवलतीची मिनिटे ठरलेली असतात, ती उलटली की लढत गेली.

चेंडू कोणता, हे आधी ठरलेले बरे. निळा जास्त उसळतो आणि नवख्यांना सोपा जातो. काळा संथ, अधिकृत स्पर्धांत वापरला जाणारा. उबदार कोर्टवर निळा चेंडू मागच्या भिंतीवरून निवांत परत येतो आणि रॅली संपता संपत नाहीत. काळ्या चेंडूवर ड्रॉप शॉटला (समोरच्या भिंतीजवळ हळूच टाकलेल्या फटक्याला) किंमत येते. लीगने चेंडू ठरवून दिला नसेल तर यजमान आपल्या कोर्टला आणि आपल्या पहिल्या खेळाडूला मानवणारा निवडतो. ही मुभा काढून घेतलेलीच बरी.

दुखापतीने लढत सोडली तर खेळाडूने तोवर जिंकलेले गेम त्याच्याच नावावर राहतात आणि उरलेले सर्व प्रतिस्पर्ध्याला मिळतात. २-१ ने पुढे असलेल्याने चौथ्या गेममध्ये ४-६ वर खेळ थांबवला तर निकाल २-३ असा लिहितात : चौथा गेम ४-११, पाचवा ०-११.

निकाल कळवण्याचे काम कुठे यजमान कर्णधाराकडे, कुठे विजेत्याकडे असते. उशीर झाल्यास गुण कापतात. वर्गातले वरचे संघ पुढच्या मोसमात वर चढतात, तळाचे खाली उतरतात. दोन संघांचे एकूण गुण सारखे झाले तर आधी जिंकलेले सामने, मग आपापसातील निकाल आणि शेवटी गेमांतील फरक पाहतात. अर्ध्यावर माघार घेणाऱ्या संघाचे सर्व निकाल तक्त्यातून पुसले जातात, मग त्याला हरवून मिळवलेले गुणही इतरांच्या हातून जातात.