आडवा प्रवाह की उभा? ध्रुवीय प्रकाशामागचा जुना वाद

ध्रुवीय प्रकाशावरचा, म्हणजे ध्रुवांजवळच्या रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या रंगीत उजेडावरचा, आजचा कोणताही शोधनिबंध उघडला, तर 'बर्कलंड प्रवाह' हा शब्द भेटतोच. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना धरून अवकाशातून खाली उतरणारे आणि पुन्हा वर निघून जाणारे हे विद्युतप्रवाह. क्रिस्टियान बर्कलंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडले होते. बर्कलंड १९१७ साली टोकियोत वारले. प्रवाहांना त्यांचं नाव मिळालं १९६९ मध्ये. एवढा उशीर होण्याचं कारण शास्त्रज्ञांच्या हट्टापेक्षा मोजमापाच्या जागेत जास्त दडलेलं आहे.

आकाशातल्या या उजेडाचा चुंबकत्वाशी संबंध आहे, हे त्याच्या खूप आधी कळलं होतं. १७४१ साली स्वीडनमधल्या उप्सालामध्ये अँडर्स सेल्सियस आणि त्यांचे सहकारी ओलोफ हिओर्टर यांनी पाहिलं, की ध्रुवीय प्रकाश भडकला की होकायंत्राची सुई अस्वस्थ होते. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांनाही एकदा त्याच दिवशी सुई तशीच हलताना दिसली. म्हणजे घडत होतं ते एका गावापुरतं नव्हतं.

बर्कलंड यांनी ही सुई फार गांभीर्याने घेतली. उत्तर नॉर्वेत हाल्डे डोंगरावर त्यांनी वेधशाळा उभारली आणि ऐन हिवाळ्यात तिथे मुक्काम केला. एका मोहिमेत त्यांचा तरुण सहकारी हिमस्खलनात दगावला. तरीही १९०२-०३ मध्ये त्यांनी नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्या अशी चार ठाणी एकाच वेळी चालवली. चारही ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यालगत प्रचंड प्रवाह वाहत असल्याचं दिसलं, दहा लाख अँपिअरपर्यंतचा. एवढा प्रवाह येतो कुठून आणि जातो कुठे? बर्कलंड म्हणाले, अवकाशातून येतो आणि तिकडेच परततो. निर्वात पेटीत टेरेला नावाचा चुंबकीय गोळा ठेवून त्यांनी त्यावर कॅथोड किरण, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, सोडले, तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती खरोखर उजेडाची वर्तुळं उमटली. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याची पद्धत त्यांनी साम आयडे यांच्यासोबत काढली, तीही या संशोधनाला पैसा मिळावा म्हणूनच.

विरोधी बाजू भक्कम होती. १९११ मध्ये आर्थर शुस्टर यांनी आक्षेप घेतला: सूर्याकडून नुसत्या इलेक्ट्रॉनांचा झोत निघाला, तर एकाच प्रभाराचे कण एकमेकांना ढकलतील आणि झोत वाटेतच विस्कटेल. आक्षेप बरोबर होता. बर्कलंड इथे खरंच चुकले होते. सूर्याकडून सतत वाहणारा कणांचा प्रवाह, म्हणजे सौर वारा, धन आणि ऋण कणांचं मिश्रण असतो, हे यूजीन पार्कर यांच्या १९५८ च्या सिद्धांताने आणि १९६२ मध्ये मरिनर-२ यानाच्या मोजमापांनी ठरलं. पण वाहक चुकला म्हणून मार्गही चुकला, असं त्या काळी धरलं गेलं, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं.

पुढे या क्षेत्रावर ब्रिटिश गणिती सिडनी चॅपमन यांच्या गणिताची छाप पडली. त्यांच्या मांडणीत प्रवाह जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या आयनावरणात, म्हणजे वातावरणाच्या वीज वाहून नेणाऱ्या थरात, आडवे वाहतात आणि तिथल्या तिथे वर्तुळ पूर्ण करतात. वर अवकाशाकडे जाणारी तार लागतच नाही. गणित देखणं होतं आणि जमिनीवरच्या नोंदींशी तंतोतंत जुळत होतं.

अडचण अशी, की बर्कलंड यांचे बलरेषांवरून जाणारे उभे प्रवाहही तितकेच जुळत होते. एका बलरेषेवरून प्रवाह खाली आला, आयनावरणातून सरकला आणि दुसऱ्या बलरेषेवरून वर गेला असं समजा. त्यातल्या उभ्या भागाचा चुंबकीय परिणाम आणि त्याला जोडणाऱ्या आडव्या भागाचा परिणाम जमिनीवर एकमेकांना पुसून टाकतात. उरतो तो नेमका चॅपमन यांच्या वर्तुळासारखा ठसा. आयनावरणाची वाहकता सगळीकडे सारखी धरली तर ही पुसापुशी पूर्ण होते, हे नाओशी फुकुशिमा यांनी पुढे गणिताने दाखवलं. म्हणजे जमिनीवर कितीही वेधशाळा उभारल्या असत्या, तरी दोघांपैकी कोण खरं हे त्यांतून ठरलं नसतं. १९३९ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी बर्कलंड यांची बाजू उचलून धरली, तेव्हा त्यांचा निबंध नामांकित नियतकालिकाने नाकारला.

निकाल लागायला प्रवाहाच्या वर जावं लागलं. १९६६ मध्ये आल्फ्रेड झमुडा आणि सहकाऱ्यांनी सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका उपग्रहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना त्याच्या चुंबकमापकाला आडवे हिसके बसत होते. आधी त्यांना लाटा समजलं गेलं. पुढच्याच वर्षी कमिंग्ज आणि डेसलर यांनी दाखवलं, की हे बर्कलंड यांचेच उभे प्रवाह आहेत. पुढे ट्रायड उपग्रहाने त्यांचा नकाशाच हाती दिला.

चॅपमन यांच्याकडे नुसता पराभूत पक्ष म्हणून पाहणं मात्र अन्यायाचं होईल. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षामागे, म्हणजे अनेक देशांनी मिळून केलेल्या पृथ्वीच्या अभ्यासमोहिमेमागे, तेही होते. त्या काळात ध्रुवीय प्रदेशांत सबंध आकाश एका चौकटीत टिपणारे कॅमेरे बसवले गेले. चॅपमन यांच्याकडे शिकायला अलास्कात आलेल्या स्युन-इची अकासोफू यांनी ही छायाचित्रं वेळेनुसार जुळवली. मध्यरात्रीच्या बाजूला शांत पडलेली कमान अचानक उजळते, ध्रुवाकडे फुगते, तिची लाट पश्चिमेकडे धावते आणि दोन-तीन तासांत सगळं निवतं. १९६४ च्या त्यांच्या निबंधाने या चक्राला नाव दिलं: उपवादळ. जमिनीवरच्या एका माणसाला हा तुकड्यातुकड्याने दिसणारा नाच होता. अकासोफूंनी तो एकसंध पाहिला.

उपवादळाची ऊर्जा साठते ती चुंबकावरणाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या, रात्रीकडच्या लांबलचक शेपटीत. तिथे ताणलेल्या बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, ही पुनर्जोडणीची कल्पना जेम्स डंजी यांच्या १९६१ च्या निबंधातली. पण ठिणगी पडते कुठे? एक गट म्हणे, पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहापट अंतरावर शेपटीतून आडवा वाहणारा प्रवाह कोसळतो आणि मग सगळं सुरू होतं. दुसरा म्हणे, आधी वीसपट किंवा त्याहून दूर पुनर्जोडणी होते. इथेही जुनीच अडचण आडवी आली. एकटं यान शेपटीत एकाच ठिकाणी असतं. आधी काय आणि नंतर काय, हे त्याला कळायचं कसं?

म्हणून २००७ मध्ये नासाने थेमिस मोहिमेची पाच यानं एकदम सोडली आणि उत्तर अमेरिकेत खाली कॅमेऱ्यांची रांग लावली. २६ फेब्रुवारी २००८ रोजी सगळं जुळून आलं. पुनर्जोडणी वीसपट अंतरावर झाली, सुमारे दीड मिनिटाने ध्रुवीय प्रकाश भडकला, आणि जवळचा प्रवाह कोसळला तो तिसऱ्या मिनिटाला. वाद त्यानेही पूर्ण मिटला नाही, कारण प्रत्येक उपवादळ असंच सुरू होतं का, यावर मतभेद राहिले.

बलरेषेवरून उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना शेवटचा धक्का कोण देतं, याचा शोधही चालूच आहे. आल्फवेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बलरेषांवरून धावणाऱ्या लाटांवर स्वार होऊन काही इलेक्ट्रॉन वेग घेतात, असा तर्क होता. तो २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत, प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूने, भरलेल्या सुमारे वीस मीटर लांबीच्या नळीत तपासला गेला. बर्कलंड यांच्या टेरेलाच्या पेटीनंतर शंभरहून अधिक वर्षांनी ध्रुवीय प्रकाशाचा एक प्रश्न पुन्हा निर्वात नळीत आला, आणि लाट खरोखर इलेक्ट्रॉनांना वेग देताना मोजली गेली.