३५,४०० बेसिक आणि २५ हजार सीटीसी: यात फरक १० हजारांचा नाहीये

नर्सिंगचे, म्हणजे जीएनएम (डिप्लोमा) आणि बीएस्सीचे निकाल लागले की महिन्याभरात मला हा मेसेज येतोच, नाव बदलतं, मजकूर तोच. "ताई, सरकारीत ३५,४०० आहे आणि मुंबईतल्या एका हॉस्पिटलचं २५ हजारांचं लेटर आलंय, दहा हजारांसाठी तालुक्याच्या गावाला जाऊन कशाला बसू?" यावर्षी तीन पोरी आणि एक ब्रदर (पुरुष नर्स), चौघांनी जवळपास हेच विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

सरकारी बाजू तुम्हाला पाठ असते, परीक्षेची तयारी करताना तेच तर बघता, त्यामुळे भराभर सांगते. राज्य सरकारच्या स्टाफ नर्सचं म्हणजे अधिपरिचारिकेचं वेतन एस-१३ या स्तराचं, ३५,४०० ते १,१२,४००. केंद्राचं, म्हणजे एम्सवालं, नॉरसेट ही एम्सची नर्सिंग भरती परीक्षा देऊन मिळतं ते, लेव्हल ७, सुरुवात ४४,९०० आणि वर नर्सिंग अलाउन्स वेगळा. झालं. पण जाहिरातीत जो आकडा असतो तो बेसिक असतो. मूळ वेतन. बेरीज तिथून सुरू होते.

आणि प्रायव्हेटच्या ऑफर लेटरवर जो आकडा असतो तो सीटीसी. तुमच्यावर हॉस्पिटलचा एकूण खर्च किती होणार तो. वजाबाकी तिथून सुरू होते.

म्हणजे एक आकडा वाढत जाणारा आणि दुसरा आटत जाणारा, आणि आपण दोन्ही शेजारी ठेवून म्हणतो दहा हजारांचा फरक आहे. वाफवलेला तांदूळ आणि कच्चा तांदूळ एकाच वाटीने मोजल्यासारखं आहे हे.

आधी बेरीज करून टाकू, ती सोपी आहे. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरते, हा दर बदलत राहतो, वाढला की तुम्ही तेवढा वाढवून घ्या. ३५,४०० चे ५५ टक्के म्हणजे १९,४७०. घरभाडे भत्ता गावाप्रमाणे, मुंबई-पुण्याला ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांना २०, बाकी ठिकाणी १०. तालुक्याचंच ठिकाण धरू म्हणजे सगळ्यात कमी, ३,५४०. एकूण झाले ५८,४१०. आता कापायचं काय, तर एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) असाल तर बेसिक अधिक महागाई भत्त्याचे १० टक्के, ५,४८७ (सरकार वरून १४ टक्के घालतं ते तुमच्या पगारातून जात नाही, हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उलटा प्रकार येणार आहे), आणि प्रोफेशनल टॅक्स २००. उरले ५२,७२३. गटविमा वगैरे किरकोळ जातं, प्रवास भत्ता थोडा येतो, ते सोडून दिलं. इन्कम टॅक्स नव्या पद्धतीत एवढ्या पगाराला शून्य.

आता ते २५ हजारांचं लेटर. इथे मी वेळ घेणारे कारण सगळे इथेच फसतात, मीही फसले होते. माझ्या पहिल्या नोकरीत लेटरवर लिहिलेला आकडा बघून मी घरी सांगून मोकळी झाले, बाबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि पहिल्या महिन्याचा बँकेचा एसएमएस आला तेव्हा मी नाईट संपवून चेंजिंग रूममध्ये उभी होते, मला वाटलं अर्ध्याच महिन्याचा टाकलाय, अकाउंट्सला विचारायला गेले तर तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "सिस्टर, पूर्ण आहे." त्या दिवशी सीटीसी शब्दाचा अर्थ कळला, कॉलेजच्या चार वर्षांत कोणी सांगितला नव्हता. फार्माकॉलॉजीतले मायक्रोग्रॅम पाठ, पगाराची स्लिप वाचता येत नाही.

तर समजा महिन्याची सीटीसी २५,०००. लेटरच्या दुसऱ्या पानावर (पहिल्या पानावर अभिनंदन असतं) तक्ता असतो. बेसिक १५,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ५,०००, हे झाले २०,०००, याला ग्रॉस म्हणायचं. मग उरलेले ५,००० कुठे आहेत? एम्प्लॉयर पीएफ १,८००, एम्प्लॉयर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ६५०, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना एकरकमी मिळते ती) ७२२, बोनस १,२५०, आणि राहिलेले ५७८ "युनिफॉर्म व ट्रेनिंग". पाच हजार बरोब्बर. यातला एक रुपयाही दर महिन्याला तुमच्या खात्यात येणार नाही.

पीएफचं नीट बघा, कारण "पीएफ तर हॉस्पिटल भरतं ना" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. पीएफ दोन बाजूंनी जातो, १२ टक्के तुमचे आणि १२ टक्के मालकाचे, १५ हजारांवर धरलं तर १,८०० आणि १,८००. सीटीसीच्या हिशोबात मालकाचे १,८०० सुद्धा तुमच्याच आकड्यात आधी घालून दाखवलेले असतात. म्हणजे २५ हजारांतून ३,६०० पीएफपायी गेले. सरकारीत ते १४ टक्के बेसिकच्या बाहेर होते, इथे मालकाचा हिस्सा आकड्याच्या आत आहे, हाच तो उलटा प्रकार. पैसे बुडत नाहीत, तुमचेच आहेत, मालकाच्या १,८०० मधले १,२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला, पण या महिन्याचं भाडं त्यातून भरता येत नाही. (आणि नोकरी बदलली की नवा यूएएन (पीएफचा नंबर) काढू नका, जुनाच द्या, याच्यावर मी वेगळी भांडेन.)

ग्रॅच्युइटी तर मला सगळ्यात जास्त खटकते. दर महिन्याला ७२२ दाखवायचे आणि नेहमीच्या नोकरीत ती मिळणार पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. पहिल्या नोकरीत पाच वर्षं टिकलेली फ्रेशर नर्स दाखवा मला. नव्या कामगार संहितांमध्ये ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर एका वर्षानंतर मिळायची तरतूद आहे, त्यामुळे लेटर कोणत्या प्रकारचं आहे ते वाचा, पण फ्रेशरने हे पैसे हिशोबात धरूच नयेत असं माझं स्पष्ट मत.

आता ग्रॉस २०,००० मधून तुमचा पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १५०. ईएसआय ग्रॉस २१,००० पर्यंत लागू असतो. हॉस्पिटलात आठ-बारा तास काम करायचं आणि आपल्याला ताप आला की ईएसआयच्या दवाखान्यात रांगेत उभं राहायचं, असो. प्रोफेशनल टॅक्समध्ये एक गंमत आहे जी अकाउंट्सवाल्यांना सुद्धा कधीकधी माहीत नसते: महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत पगाराला प्रोफेशनल टॅक्स नाही. ब्रदर लोकांचे २०० जातात (फेब्रुवारीत ३००), सिस्टरचे जायला नकोत. स्लिप बघा, जात असतील तर जाऊन बोला, लाजू नका.

तर हातात १८,०५०. ब्रदरला १७,८५०. आणि हॉस्टेल घेतलं, समजा महिना २,५०० कापले, तर बँकेत १५,५५०. २५ हजारांचे १५,५५०.

आणि तिकडे ५२,७२३. सांगा आता, दहा हजारांचा फरक आहे?

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, पण ताई मुंबईत राहायला मिळतंय ना. मिळतंय, आणि तिथेच दुसरी गफलत होते पण ती छोटी आहे. लोक राहणीमानाचा खर्च म्हणजे फक्त भाडं धरतात. नवीन नर्सला भाड्यापेक्षा डिपॉझिट आडवं येतं, कारण ते पहिला पगार यायच्या आधी लागतं. त्यात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, दोन जोड युनिफॉर्म, बूट, आणि पहिला महिना अर्धवट जॉईन झालात तर पगारही अर्धवट. म्हणून मोठ्या शहरात पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळत असेल तर घ्याच, जेवण वाईट असतं हे मान्य. बाहेर फ्लॅट शेअर करून पाचशे-हजार रुपये वाचतील पण नाईटला जाताना-येताना रिक्षात जातील, आणि इव्हनिंग संपवून रात्री साडेनऊला स्टेशनवर उभं राहायचं त्याचा हिशोब कोणत्याच तक्त्यात नसतो. गावाकडे उलट, एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, घरून येऊन-जाऊन करणाऱ्या पोरीचा खर्च खरंच कमी होतो, पण शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी बघा, ड्यूटी तिच्याआधी सुटेलच असं नाही.

सरकारी मुंबईत मिळालं तर घरभाडे भत्ता १०,६२० होतो. त्यात परळला वन बीएचके मिळेल असं समजून कुणी येऊ नका. आणि सरकारी क्वार्टर मिळालं की हा भत्ता मिळत नाही, दोन्ही मिळत नाहीत, हेही दरवेळी कोणाला तरी सांगावं लागतं.

कंत्राटी पोस्ट हे तिसरंच प्रकरण. एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियान) जाहिरात सरकारीच दिसते, बिल्डिंग तीच, वॉर्ड तोच, शेजारच्या बेडचं इंजेक्शन परमनंट सिस्टर देतेय आणि तुमच्या बेडचं तुम्ही, पण तुमचा आकडा ठोक मानधन असतो. त्यात महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही. वर केलेली बेरीज त्याला लावू नका.

आणि तो फॉरवर्ड. "सुप्रीम कोर्टाने नर्सना २० हजार पगार बंधनकारक केला." नाही केला. २०१६ मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं, समितीने शिफारस केली: २०० पेक्षा जास्त बेडच्या खाजगी हॉस्पिटलात राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार, १०० ते २०० बेडला फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली किमान २० हजार. केंद्राने ते राज्यांकडे पाठवलं. शिफारस आणि कायदा यात फरक आहे. इंटरव्ह्यूत हा मेसेज दाखवून काही होत नाही, माझ्या एका ज्युनिअरने दाखवला होता, एचआरवालीने चहा पाजून परत पाठवलं.

त्यापेक्षा इंटरव्ह्यूत विचारा: "ग्रॉस किती, आणि हॉस्टेल कापून खात्यात किती येतील?" हे दोनच प्रश्न, आणि उत्तर ईमेलवर मागा. "सीटीसी किती" विचारू नका, तो आकडा ते आनंदाने सांगतात. ट्रेनी म्हणून सहा महिने स्टायपेंडवर ठेवणार असतील तर तेही तेव्हाच विचारा. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणाले तर मी तरी उठून येईन, बाकी सगळं चालेल.

प्रायव्हेट वाईट असं मी म्हणत नाहीये. दोन प्रायव्हेटच्या ऑफर असतील तर मी दोन हजार कमी घेऊन आयसीयू मिळणारी घेईन, छोट्या नर्सिंग होममध्ये दोन हजार जास्त मिळाले तरी तिथे ओपीडीपासून बिलिंगपर्यंत सगळं तुम्हीच करता. पण ही तुलना करताना दोन्हीकडचा ग्रॉस घ्या, एकीकडची सीटीसी आणि दुसरीकडचं इनहँड असं नको.

परवा ज्या पोरीने पहिला मेसेज टाकला होता तिला हा हिशोब व्हॉइस नोटवर सांगितला, साडेसात मिनिटांची झाली. तिचा रिप्लाय आला, "ताई माझ्या लेटरला दुसरं पानच नाहीये." मग मागून घे म्हटलं.