एक चार्जर, तीन पोर्ट: वॅटांची वाटणी कशी होते?

तीन पोर्टांच्या चार्जरवर ठळक अक्षरांत ‘६५ वॅट’ छापलेलं असतं. लॅपटॉप एकटाच लावला, तर त्याला खरोखर ६५ वॅटपर्यंत वीज मिळते. शेजारी फोन लावला की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर थांबतं, पुन्हा सुरू होतं आणि आता त्याच्या वाट्याला ४५ वॅटच येतात. तिसऱ्या पोर्टमध्ये इअरफोनची डबी लावताच फोनच्या पडद्यावरून ‘फास्ट चार्जिंग’ ही अक्षरं गायब होतात. चार्जर बिघडला असं वाटतं, पण तो आपलं काम चोख करत असतो.

चार्जर उपकरणात वीज ढकलत नाही. व्होल्टेज चार्जर देतो. करंट किती ओढायचा ते उपकरण ठरवतं. पण जास्तीत जास्त किती ओढायला हरकत नाही, हे चार्जरने आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणजे पोर्टांमध्ये जी वाटली जाते, ती प्रत्यक्ष वाहणारी वीज नव्हे, तर वीज देण्याची हमी असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकीचं बहुतेक कोडं सुटतं.

जुन्या, चौकोनी तोंडाच्या यूएसबी पोर्टांच्या काळात वाटणी सोपी होती. सगळे पोर्ट ५ व्होल्टच्या एकाच वाहिनीला जोडलेले असत. ज्याला जेवढा हवा तेवढा करंट तो ओढे, आणि एकूण मर्यादा ओलांडली की व्होल्टेज खाली येई किंवा संरक्षक सर्किट पुरवठा तोडे. २०१२ मध्ये ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ हे मानक आलं, २०१४ मध्ये टाइप-सी पोर्ट आला आणि चार्जर व उपकरण एकमेकांशी बोलू लागले. केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून चार्जर आपली यादी पाठवतो: ५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला ३, १५ व्होल्टला ३, २० व्होल्टला सव्वातीन. उपकरण त्यातलं एक मागतं, चार्जर होकार देतो, व्होल्टेज बदलतो आणि ‘तयार आहे’ असं कळवतो. हा झाला दोघांमधला करार. २०२१ च्या सुधारित मानकात तो ४८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत जाऊ शकतो.

अनेक पोर्टांच्या चार्जरमध्ये भिंतीतून येणारी एसी वीज आधी डीसी केली जाते. मग ती अतिशय वेगाने चालू-बंद करत छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात आणि तिच्यातून एक सामाईक डीसी व्होल्टेज तयार होतं. पुढे प्रत्येक पोर्टसाठी एक कन्व्हर्टर असतो. तो हे व्होल्टेज करारात ठरेल तेवढं खाली आणतो. या सगळ्यांवर एक छोटा कंट्रोलर लक्ष ठेवतो आणि दिलेल्या हमींची बेरीज एकूण वॅटांपलीकडे जाऊ देत नाही.

आता सुरुवातीच्या लॅपटॉपकडे पाहू. त्याला २० व्होल्टला सव्वातीन अँपिअरची हमी दिली, तिथेच ६५ वॅट संपले. लॅपटॉप त्या घडीला १० वॅटच ओढत असला, तरी तो पुढच्याच क्षणी पूर्ण ६५ मागू शकतो आणि चार्जरला शब्द पाळावा लागतो. म्हणून फोन आला की लॅपटॉपचा करार बदलणं भाग असतं. हे दोन प्रकारे होतं. चांगला चार्जर लॅपटॉपला नवी, आखूड यादी पाठवतो आणि पुरवठा न तोडता नवा करार करतो. साधे चार्जर सरळ सगळे पोर्ट बंद करतात, व्होल्टेज शून्यावर आणतात आणि थोड्या वेळाने पहिल्यापासून बोलणी सुरू करतात. बॅटरी असलेल्या उपकरणाला याचं काही वाटत नाही. पण बॅटरी नसलेला छोटा संगणक किंवा हार्ड डिस्क अशा चार्जरवर चालत असेल, तर दुसऱ्या कुणीतरी फोन लावला म्हणून ती मधूनच बंद पडते आणि त्यात फाइली खराब होऊ शकतात. अशा उपकरणाला स्वतंत्र चार्जरच द्यावा, याबाबत मी आग्रही आहे.

इअरफोनच्या डबीचं गणित वेगळं आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक चार्जरांत दुसरा आणि तिसरा पोर्ट मिळून एकच कन्व्हर्टर असतो, आणि एक कन्व्हर्टर एका वेळी एकच व्होल्टेज देऊ शकतो. फोन ९ व्होल्टवर असताना डबी ५ व्होल्टवाली असेल, तर तिला ९ व्होल्ट देणं धोक्याचं. मग कंट्रोलर दोघांनाही ५ व्होल्टवर आणतो आणि फोनचा वेग ढासळतो. डबी स्वतः दोनेक वॅटसुद्धा घेत नसेल, पण तिचं तिथे असणंच पुरेसं असतं. ती काढली की बहुधा फोन पुन्हा वेग पकडतो.

काही चार्जर कोणत्या पोर्टला किती वॅट याच्या ठरीव तक्त्यावर विसंबत नाहीत. ते प्रत्येक पोर्टचा करंट मोजत राहतात. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की करंट आपोआप घटत जातो. तेव्हा लॅपटॉपची हमी कमी करून मोकळे झालेले वॅट असे चार्जर फोनकडे वळवतात. उष्णताही हिशेबात धरावी लागते. १०० वॅट देणारा चार्जर ९० टक्के कार्यक्षम असला, तरी सुमारे ११ वॅट उष्णता चार्जरच्या बंद खोक्यात साठते. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहक पदार्थाच्या ट्रान्झिस्टरांमुळे चार्जर लहान झाले, पण उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी उरला. त्यामुळे फार तापल्यावर काही चार्जर आपणहून हमी घटवतात.

खरेदी करताना मोठ्या आकड्यापेक्षा बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा: पहिला आणि दुसरा पोर्ट मिळून ४५ आणि २०, तिन्ही मिळून किती, कोणते दोन पोर्ट वाटेकरी आहेत. हा तक्ता एकूण वॅटांइतक्याच ठळकपणे छापला जायला हवा, असं मला मनापासून वाटतं. केबलही तपासावी. ३ अँपिअरहून जास्त करंटसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल, तर १०० वॅटचा पोर्ट एकट्या लॅपटॉपलाही २० व्होल्टला ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटच देऊ करतो.