गोवा झालं, आता दोन महिने आडवं पळा

गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं सलग करायची हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन, संपली की आमच्या सायकलवाल्यांत दोन जमाती दिसतात. एक मेडल गळ्यात घालून सोफ्यावर आडवी होते ती थेट संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला उठते, आणि दुसरी सोमवारी पहाटे पाचला परत ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल मारायच्या स्टँडवर. माझ्या मते दोघांचंही चुकतं, पण काळजी मला दुसरीची जास्त वाटते.

बघा ना, १.९ किमी पोहायचं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळायचं. खेळ तीन, पण दिशा एकच, नाकासमोर! कुल्ल्याच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू असतो, पळताना आपण एका पायावर असतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणं हे त्याचं काम, पण बाजूला झेप घेणं, गर्रकन वळणं असलं काही वर्षभर त्याच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून मी खो-खो खेळतो. हसू नका. मागच्या डिसेंबरात भाचीच्या टीममध्ये घुसलो, म्हटलं हाफ आयर्नमॅन केलंय, ही पोरं काय दमवणार, आणि एका बारा वर्षांच्या मुलीने साधी हुलकावणी दिली तर मी पोलपाशी तोंडावर आपटलो. उकिडवं बसायचं, खो मिळाला की स्प्रिंगसारखं उठायचं, परत बसायचं, म्हणजे तासन्‌तास सीटवर बसून आखडलेल्या कंबरेला आणि घोट्याला पूर्ण मोकळं व्हावंच लागतं.

हाडांचंही तेच. पोहताना पाणी वजन उचलतं, सायकलवर सीट उचलते, त्यामुळे हाडांवर भार असा पडतच नाही, आणि वर्षानुवर्षं नुसती सायकल मारणाऱ्या रेसर लोकांच्या मणक्याची हाडं विरळ सापडलेली आहेत. हाडाला हवे असतात अचानक, वेगवेगळ्या दिशेने बसणारे दणके, तेही थोडेच, कारण एकसारखा दणका बसत राहिला की थोड्या वेळाने ते दाद द्यायचं थांबतं. बॅडमिंटन, दोरीच्या उड्या, काहीही चालेल.

आणि सिंहगड. चढायला नाही, उतरायला! आतकरवाडीच्या वाटेने खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारत असतो, म्हणजे ताकद लावतोय पण त्याच वेळी ताणलाही जातोय, आणि याच प्रकारात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते. म्हणून वर पिठलं-भाकरी हाणताना मस्त वाटतं आणि दोन दिवसांनी घरचा जिना उतरताना आई आठवते. लोक लॅक्टिक ॲसिडला शिव्या देतात पण ते बिचारं एक-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. मजा पुढे आहे, दोन आठवड्यांनी परत उतरलात तर दुखणं बरंच कमी, स्नायू तेवढ्यात शिकलेला असतो. हाफच्या शेवटच्या किलोमीटरांना मांड्या लाकूड होतात ना, तिथे हे कामाला येतं.

फिटनेस जाईल ही भीती सगळ्यांनाच असते. पूर्ण झोपून राहिलात तर जाईलच, पहिल्या काही दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी होतो आणि त्याच स्पीडला हार्टरेट वर दिसायला लागतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा धाप लागेल असं खेळलात तर बरंचसं टिकतं. तसंही ट्रायथलॉन हा खेळ असाच जन्मला, १९७४ साली सॅन डिएगोच्या ट्रॅक क्लबवाल्यांनी रोजच्या रगड्यातून बदल म्हणून मिशन बेला पहिली ट्रायथलॉन ठेवली, आले ४६ जण.

एकच सांगतो. तुमचं हृदय तासभर खो-खो खेळायला तयार असेल, पण घोट्याचे आणि टाचेचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, नसतात, ते फार हळू तयार होतात. तेव्हा पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटं खेळा आणि पोलवर सूर मारायचं काम पोरांना करू द्या.