उसाला हमीभाव नसतो

‘केंद्राने उसाचा हमीभाव वाढवला’ असा मथळा दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतो. वाचणारा तो तसाच वाचतो आणि पारावर तसाच सांगतो. पण उसाला हमीभाव नाहीच, उसाला एफआरपी, म्हणजे ‘रास्त व किफायतशीर दर’ आहे. उगाच शब्दांचा कीस पाडतोय असं वाटेल. मग ज्याच्या एका वावरात ऊस आणि दुसऱ्यात सोयाबीन आहे, त्यालाच विचारा. दोन्ही दर केंद्र सरकार जाहीर करतं, दोन्हींची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. तरी उसाचे पैसे अडकले तर कारखान्याच्या नावावर थकबाकी लिहिली जाते. सोयाबीन पडत्या भावात गेलं तर फरकाची रक्कम कुणाच्याच नावावर लिहिली जात नाही.

सगळा फरक एवढ्यात आहे. एफआरपी हे देणं आहे, हमीभाव हे आश्वासन.

हमीभावाचं अधिकृत नाव ‘किमान आधारभूत किंमत’. त्यात हमी हा शब्द नाही, तो बोलीत आला आणि चिकटला. आयोगाची स्थापना १९६५ची. आज २२ पिकांना ही किंमत जाहीर होते, पण तिच्यामागे केंद्राचा कोणताही कायदा उभा नाही. भाव पडले तर आमच्या संस्था या दराने माल घेतील, एवढंच सरकार म्हणतं. म्हणजे बांधिलकी असलीच तर ती सरकारी खरेदीची, आणि जितकी खरेदी होईल तेवढीच. कांद्याला तर तेवढंही नाही, तो या यादीतच नाही.

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. बाजार समितीत ढीग ओतला, व्यापाऱ्याने हात घालून दाणे चोळले, ओलावा जास्त आहे म्हणाला आणि चार हजारांपासून पुकारा सुरू केला, तर त्या पुकाऱ्यात ५३२८ चा उल्लेखही येत नाही. तो दर हवा असेल तर सरकारी खरेदी केंद्र गाठायचं. तिथे आधी नोंदणी, त्यासाठी सातबाऱ्यावर पीकपेरा, मग मेसेजची वाट. नंबर लागला की बारदाना संपलेला असतो. माल ‘एफएक्यू’ म्हणजे ठरलेल्या प्रतीचा हवा आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. (२०२४ मध्ये ऐन विधानसभा निवडणुकीत ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली गेली. ओलावा हवामानावर अवलंबून असतो, हे तेव्हा कळलं म्हणायचं.) शिवाय तेलबियांच्या आधारभूत खरेदीला राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांची मर्यादा असते. केंद्रं अगदी चोख चालली, बारदाना वेळेवर आला, तरी चारातले तीन वाटे माल खुल्या बाजारातच जायचा. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५ मध्ये लिहून ठेवलं होतं की, सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकणारे शेतकरी देशात जेमतेम ६ टक्के आहेत.

आता ऊस. ‘रास्त व किफायतशीर दर’ ही व्यवस्था २००९ मध्ये आली. त्याआधी उसाला ‘वैधानिक किमान किंमत’ होती, म्हणजे कायद्याचा आधार तेव्हाही होताच. एफआरपी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बसते आणि तो आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला आहे. त्यामुळे इथे सरकार स्वतः एक कांडीही विकत घेत नाही, तरी कारखान्याला या दराखाली ऊस घेता येत नाही. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. तरीही दिले नाहीत तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात, साखरेचा साठा जप्त करण्यापर्यंत. व्याज प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडतं हा वेगळा विषय, पण मागायला कलम तरी आहे.

मग ऊसवाला सुखी का नाही? एफआरपीची मेख रिकव्हरीत, म्हणजे साखर उताऱ्यात आहे: शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यात.

२०२५-२६ चा दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. पण हा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली तेवढेच कमी होतात, आणि साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असेल तर ३२९ रुपये ५ पैसे मिळतात. उतारा ११.२५ असलेल्या कारखान्याची एफआरपी टनाला ३८९६ होईल. ऐकायला छान. पण महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च या रकमेतून कापतो. समजा ९०० रुपये कापले, तर उरले २९९६. तोडणी टोळीची खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याची एंट्री, म्हणजे शेतकऱ्याने वरून हातात ठेवायचे पैसे, यांची पावती मिळत नाही, ती या हिशेबात धरलेलीच नाही. उतारा मोजणारा कारखाना, वजनाचा काटाही कारखान्याचाच. काटामारीची तक्रार त्यामुळे दर हंगामात येते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी समजावून सांगत नाही. २०१७-१८ मध्ये एफआरपी टनाला २५५० होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला. पुढच्या वर्षी ती २७५० जाहीर झाली, दोनशेंची वाढ म्हणून सत्कार झाले. पण त्या वर्षी पायाच १० टक्क्यांवर सरकवला होता. साडेनऊ उताऱ्याच्या उसाला मिळणार होते २६१२ रुपये ५० पैसे. म्हणजे खरी वाढ दोनशे नव्हे, साडेबासष्ट. २०२२-२३ मध्ये पाया पुन्हा सरकला, १०.२५ वर. जाहीर वाढ टनाला दीडशे, साडेनऊ उताऱ्याला प्रत्यक्षात ६६ रुपये २५ पैसे. हमीभावात अशी युक्ती करायला जागाच नाही, तिथे दर सरळ असतो. मिळत नाही एवढंच.

गिऱ्हाईकाच्या बाजूनेही दोघांची दुखणी वेगळी आहेत. सोयाबीनला व्यापारी दहा असले तरी भाव अखेर तेल आणि पेंडीच्या बाजारावर ठरतो आणि तो बाजार आयात शुल्काच्या एका अधिसूचनेने हलतो. समोर कोण आहे हेच शेतकऱ्याला दिसत नाही. उसाचं उलटं. तिथे समोर कोण आहे हे पक्कं माहीत असतं, कारण दुसरं कुणी नसतंच. तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, त्यामुळे तो घेऊन जिल्हाभर फिरता येत नाही. भरीला महाराष्ट्रात दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. कारखाना सहकारी असो वा खासगी, भागातला शेतकरी त्याच्या तोडणीच्या यादीत कधी नाव लागतं याची वाट पाहत बसतो. दराला कायदा आहे, पण तारखेला नाही, आणि आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस वेळेत तुटला नाही तर दराचा कायदा घेऊन करायचं काय?

खर्चाचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकाच फूटपट्टीने होतो. बियाणं, खतं, औषधं, मजुरी, इंधन हा रोखीचा खर्च आणि घरच्यांच्या राबण्याचं मोल, याला ए२ अधिक एफएल म्हणतात. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतलेल्या भांडवलाचं व्याज त्यात नाही. ते धरलं की सी२ होतो, आणि शेतकरी संघटनांचा खर्चाच्या ‘दीडपट’ भावाचा आग्रह सी२ वर आहे. सोयाबीनचा खर्च ३५५२ धरला, त्याची दीडपट ५३२८. उसाचा खर्च क्विंटलला १७३ धरला आणि दर दिला ३५५, म्हणजे दुपटीहून जास्त. पाणी आलं की माणूस ऊसच का लावतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत सापडतं.

कारखान्यांचीही बाजू आहे. साखरेचा किमान विक्री दर, हा तिसराच दर, फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि एफआरपी क्विंटलला २७५ वरून ३५५ वर गेली तरी तो तिथेच होता. ही तक्रार मला खोटी वाटत नाही. पण एफआरपीचे तुकडे पाडायला ती पुरेशी नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन हप्त्यांत एफआरपी द्यायला मोकळीक दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. एकरकमी हा शब्द त्यामुळे टिकला.

‘हमीभावाचा कायदा करा’ या मागणीत खरं तर ‘हमीभावाला एफआरपीसारखं करा’ हेच दडलेलं आहे. मागणी रास्त आहे, पण उसाला जे साधलं ते कारखाने मोजके, परवान्याचे आणि जागेवर उभे असलेले म्हणून साधलं. नोटीस कुणाच्या दारावर चिकटवायची हे ठरलेलं असतं. सोयाबीन, तूर, कापसाचा खरेदीदार असा एका जागी सापडत नाही, आणि त्याच्याकडे एक मार्ग कायम मोकळा असतो: न घेण्याचा. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हमीभावाखाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजार रुपये दंड करायचं ठरवलं. ठिकठिकाणच्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ढीग बाहेर पडून राहिले आणि सरकारला हात आखडता घ्यावा लागला.