दहा वर्षांचे बंगले

बंगला म्हटलं की आपल्याला पोर्च, बाग आणि दारावरची 'कुत्र्यापासून सावध' ही पाटी आठवते. इंग्रजांनी हा शब्द इथूनच नेला, पण तिकडे त्यातली ऐट गळाली आणि अर्थ उरला तो एकमजली घर एवढाच. म्हणून लंडनच्या कॅटफर्ड भागातली, सपाट छपराची, जेमतेम मुंबईतल्या वन बीएचकेएवढी घरंही बंगलेच ठरतात. दंतकथेतल्या राजा आर्थरच्या तलवारीचं नाव मिळालेल्या या एक्सकॅलिबर वसाहतीत अशी 180 हून अधिक घरं होती. दुसरं महायुद्ध संपता संपता जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांच्या हातून ती उभी राहिली. सरकारने त्यांना आयुष्य दिलं होतं दहा वर्षांचं.

बॉम्बहल्ल्यांत लाखो घरं गेली होती. वीटही कमी आणि गवंडीही. म्हणून 1944 मध्ये तात्पुरत्या घरांचा कायदा झाला. चर्चिल यांनी पाच लाख घरांचं आश्वासन दिलं होतं, 1949 पर्यंत झाली 1,56,623. नमुने अनेक होते. 'युनि-सेको'ला लाकडी सांगाडा आणि अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे, 'टॅरन'ला काँक्रीटच्या फळ्या. सगळ्यांत जास्त, सुमारे 54 हजार, निघाली 'एरोह'ची अ‍ॅल्युमिनियमची घरं. लढाई संपल्यावर विमानांचे कारखाने रिकामे पडणार होते, त्यांनाच हे काम दिलं गेलं. वडी कापावी तसे घराचे चार उभे तुकडे, प्रत्येकाची रुंदी लॉरीवर मावेल इतकीच. नळ, वायरिंग, कपाटं कारखान्यातच बसवलेली. जागेवर आधी काँक्रीटचा चौथरा तयार ठेवायचा, क्रेनने तुकडे उतरवायचे आणि जोडायचे.

पण या घरांतली खरी हुशारी भिंतींत नव्हती, मोरीत होती. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून, मधल्या एकाच पोकळीत दोन्हीकडचे नळ. पाइप आखूड असले की सांधे कमी, आणि पाणी गळतं ते बहुधा सांध्यातूनच. गरम पाणी वाटेत फारसं निवत नाही. शिवाय पाइप बाहेरच्या भिंतीवर नसल्याने कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठून ते फुटण्याचा धोका कमी. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. बैठकीतल्या कोळशाच्या शेगडीमागेच पाणी तापवायची टाकी. आणि कळस म्हणजे फ्रिज! ज्यांचा संडास तोवर मागच्या अंगणात होता, त्या कामगार कुटुंबांना हे केवढं वाटलं असेल. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले नील किनॉक वेल्समधल्या अशाच घरात लहानाचे मोठे झाले. फ्रिज आणि न्हाणीघर पाहायला लोक येत, अशी त्यांची आठवण आहे.

भिंती मात्र पातळ. पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्यांना हिवाळ्यातली पहाट सांगायला नको: पत्र्याला खालून घाम फुटतो आणि थेंब अंथरुणावर. श्वासातली, भाताच्या वाफेतली ओल गार पृष्ठभागाला टेकली की तिचं पाणी होतं. अ‍ॅल्युमिनियम विटेपेक्षा शेकडो पटींनी वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे आतली ऊब बाहेर जायला वेळ लागत नाही. 'एरोह'च्या भिंतींत म्हणून बुडबुडेदार काँक्रीट भरत. बुडबुड्यांतली कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. तरी ओल आणि बुरशी या घरांची पाठ पूर्णपणे सोडत नसे.

'युनि-सेको'च्या अ‍ॅस्बेस्टॉसची गोष्ट वेगळी. पत्रा शाबूत असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. भोक पाडलं, करवत चालवली किंवा पत्रा झिजून भुगा व्हायला लागला, की ते हवेत मिसळतात, फुप्फुसात रुततात आणि कर्करोग कित्येक दशकांनी डोकं वर काढतो. घर राहतं ठेवायचं तर डागडुजी हवी, आणि डागडुजी करताना हात लावायचा तो नेमका याच पत्र्यांना.

कॅटफर्डची घरं दहाच्या जागी साठ वर्षांहून जास्त टिकली. 2010 मधल्या मतदानात निम्म्याहून थोड्या जास्त रहिवाशांनी पाडण्याच्या बाजूने कौल दिला, 2013 मध्ये पाडकाम सुरू झालं. मला विरोधकांचं म्हणणं कळतं: चारही बाजूंनी मोकळं घर आणि स्वतःची बाग सोडून फ्लॅटमध्ये कोण आनंदाने जाईल? सहा घरांना 2009 मध्येच वारसा-वास्तूचं संरक्षण मिळालं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं घर बघायचं असेल तर कार्डिफजवळ सेंट फेगन्सच्या संग्रहालयात 1948 चं एक आणून ठेवलंय.