युजेनीचा बो: फ्रान्सची सरकारी म्युझियमं नवीन वस्तू कशी घेतात, पैसा कुठून आणतात

१९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये भरदिवसा चोरी झाली, आठ दागिने गेले, आणि आपल्याकडच्या बातम्यांत सगळी चर्चा चोर वर कसे चढले आणि किती मिनिटांत पळाले याचीच. माझं मन मात्र त्या यादीतल्या एकाच दागिन्यात अडकून बसलं, सम्राज्ञी युजेनीचा (नेपोलियन तिसऱ्याची बायको) हिऱ्यांचा बो. रिबनची गाठ मारल्यासारखा आकार, खाली दोन गोंडे, मधून लोंबणाऱ्या हिऱ्यांच्या लडी, सगळे मिळून अडीच हजारांवर हिरे. हाच बो फ्रान्सने एकदा स्वतःच्या हाताने विकला होता, मग १२१ वर्षांनी तो परत घेतला गेला आणि आता चोरीला गेला. फ्रान्समधली सरकारी म्युझियमं वस्तू कशी मिळवतात आणि पैसा कुठून येतो याची बरीचशी गोष्ट या एका दागिन्याभोवती फिरते, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मुळात लूव्र सुरू झालं तेव्हा खरेदीचा प्रश्नच नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीत १७८९ च्या शेवटी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात आली, मग राजाचा संग्रह, देश सोडून पळालेल्या सरदारांची घरं, आणि १० ऑगस्ट १७९३ ला लूव्र लोकांसाठी उघडलं. नंतर नेपोलियनच्या लढायांतून इटलीहून गाड्या भरभरून माल आला, त्यातला बराच १८१५ नंतर परत द्यावा लागला. वस्तू इतक्या झाल्या की १८०१ मध्ये शाप्ताल या मंत्र्याच्या हुकुमाने लिऑन, बोर्दोसारख्या १५ शहरांना चित्रं वाटून दिली, आजच्या कित्येक गावोगावच्या म्युझियमांची सुरुवात तिथली आहे.

आता तो लिलाव. १८८७ च्या मे महिन्यात तिसऱ्या प्रजासत्ताकाने, म्हणजे राजा-सम्राट गेल्यावरच्या फ्रेंच सरकारने, राजघराण्याचे जवाहिर चक्क लूव्रच्याच आवारात लिलावाला काढले, कारण मनात धास्ती होती की मुकुट शिल्लक राहिला तर उद्या कोणीतरी तो घालायला येईल. रीजंट हिरा आणि अजून थोड्या वस्तू ठेवल्या, बाकी सगळं विकलं, सगळ्यात मोठा खरेदीदार अमेरिकेचा जवाहिऱ्या टिफनी, कितीतरी दागिन्यांचे खडे काढून नवीन कोंदणात बसवले गेले, म्हणजे ते दागिने कायमचेच संपले. मिळाले ७० लाख फ्रँकच्या वर. बो अमेरिकेत न्यूयॉर्कच्या अॅस्टर घराण्याकडे गेला आणि शंभर वर्षांहून जास्त तिथेच राहिला. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं, एवढ्या पैशासाठी काय काय घालवलं!

पण त्या पैशातून एक गोष्ट मात्र चांगली झाली. १८९५ मध्ये राष्ट्रीय म्युझियमांसाठी वस्तू घ्यायला एक वेगळी तिजोरी काढली, तिच्यात या लिलावातल्या पैशाचा काही भाग घातला. पुढे जिला आरएमएन (फ्रान्सच्या राष्ट्रीय म्युझियमांची एकत्र संस्था) म्हणू लागले ती तिथूनच सुरू झाली. कल्पना साधी होती, सगळ्या म्युझियमांचा पैसा एकाच जागी, आणि बजेटमध्ये दर वर्षी हात पसरायला नको. १९२२ पासून लूव्रला तिकीट लागलं, तेव्हा तो पैसाही याच कामाला लागला. आजही लूव्रच्या कायमच्या संग्रहाच्या तिकिटातले २० टक्के फक्त नवीन वस्तू घ्यायला राखून ठेवलेले असतात. तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाने थोडी का होईना खरेदीला मदत केली आहे असं समजायला हरकत नाही.

त्याच सुमाराला लोकांनी स्वतः पैसे जमवायलाही सुरुवात केली. चित्रकार एदुआर माने वारल्यावर त्याचं ऑलिंपिया हे चित्र अमेरिकेला जाणार अशी कुणकुण लागली तेव्हा दुसरा चित्रकार क्लोद मोने याने मित्रांकडून, ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा केली, जवळपास २० हजार फ्रँक, ते मानेच्या बायकोला दिले आणि १८९० मध्ये चित्र सरकारला भेट दिलं. सरकारने ते लगेच लूव्रला नाही लावलं, जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या चित्रकारांसाठी असलेल्या लुक्सेंबुर्ग म्युझियममध्ये ठेवलं, लूव्रला पोचायला १९०७ उजाडलं. चित्रकार कायबॉतने मृत्युपत्रात आपल्या इंप्रेशनिस्ट (मोनेच्या गटातल्या) चित्रकार मित्रांची साठच्या वर चित्रं सरकारला दिली, तर त्यातली निम्म्याहून थोडी जास्तच स्वीकारली. म्हणजे फुकट मिळत असताना नको म्हटलं!! याचं मला अजूनही नवल वाटतं, पण तेव्हाच्या कमिट्यांची नजर तशी होती. १८९७ मध्ये लूव्रच्या चाहत्यांनी आपली सोसायटी काढली, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, ती आजही आहे, तिचं नाव पुढे परत येईल.

मग नियम आले. १९२१ च्या शेवटी झालेल्या कायद्याने सरकारला लिलावात एक हक्क दिला, आणि तो प्रत्यक्ष कसा चालतो हे बघण्यासारखं आहे. बोली वाढत जाते, हातोडा पडतो, घेणारा खूश, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी उभं राहून सांगतं, अमुक म्युझियमसाठी सरकारचा हक्क लावतो. खेळ तिथेच थांबतो, वस्तू त्याच किमतीला म्युझियमची होते, ज्याने बोली जिंकली त्याला रिकाम्या हाताने जावं लागतं. पक्कं करायला १५ दिवस असतात. नगरपालिकेच्या छोट्या म्युझियमसाठीही हा हक्क वापरता येतो, हे मला फार आवडतं, कारण नाहीतर बोलीच्या चढाओढीत छोट्या गावाचं काय चालणार?

दुसरा नियम देशाबाहेर नेण्याचा. १९९२ च्या कायद्यापासून महत्त्वाच्या वस्तूला बाहेर न्यायचं सर्टिफिकेट लागतं, सरकारने ते नाकारलं की वस्तू राष्ट्रीय ठेवा ठरते आणि ३० महिने अडकते, तेवढ्या वेळात म्युझियमने पैसे जमवायचे. हा वेळ म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे. त्याआधी काय व्हायचं ते व्हॅन गॉगच्या ओव्हेरच्या बागेच्या चित्रात दिसलं, सरकारने ते संरक्षित स्मारक ठरवून देशाबाहेर जायला कायमची बंदी केली, मालकाला ते देशातच ५.५ कोटी फ्रँकला विकावं लागलं, त्याने केस केली आणि १९९६ मध्ये सरकारला १४.५ कोटी फ्रँक भरपाई द्यावी लागली. चित्र म्युझियमला मिळालंच नाही! एवढे पैसे गेले आणि भिंत रिकामीच, त्यानंतर सरकारने अशी बंदी घालायची हिंमत क्वचितच केली.

तिसरी गोष्ट वारसा कराची, आणि मला वाटतं सगळ्यात हुशार युक्ती हीच. मालरो संस्कृतीमंत्री असताना ३१ डिसेंबर १९६८ ला कायदा झाला की वारसांनी कर पैशाऐवजी कलाकृती देऊन भरला तरी चालेल. त्याला तिकडे दासिओं म्हणतात. पिकासो १९७३ मध्ये गेला, मागे प्रचंड काम, वारसांवर प्रचंड कर, आणि १९७९ मध्ये सरकारने २०० च्या वर पेंटिंग्ज, दीडशेवर शिल्पं आणि हजारो कागद घेतले. त्यातूनच १९८५ मध्ये पॅरिसचं पिकासो म्युझियम उघडलं. व्हर्मीरचं खगोलशास्त्रज्ञ हे चित्र १९८३ मध्ये लूव्रला असंच आलं. तिजोरीतून एक पैसा बाहेर गेला नाही, पण येणारा कर आला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

हाच विचार २००२ आणि २००३ च्या कायद्यांनी कंपन्यांपर्यंत नेला. साधी देणगी दिली तर रकमेच्या ६० टक्के करात सूट, आणि राष्ट्रीय ठेवा विकत घेऊन द्यायला मदत केली तर ९० टक्के. २०२३ मध्ये कायबॉतचं बोटीतला माणूस हे चित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियमला मिळालं, किंमत ४.३ कोटी युरो, सगळे एलव्हीएमएच कंपनीने दिले. बातम्यांत कंपनीचं नाव झळकलं, पण ९० टक्क्यांचा हिशोब केला तर ३.८७ कोटींची सूट होते, म्हणजे खरं बघता बहुतेक पैसा जनतेचाच. मी याच्या विरोधात नाही, चित्र मिळालं हे मोठं आहे, फक्त आभार कोणाचे मानायचे ते नीट कळावं असं वाटतं. अर्थात सगळीकडे कंपनीच नसते, २०१६ मध्ये रेम्ब्राँटची नवराबायकोची जोडचित्रं फ्रान्स आणि नेदरलँड्सने मिळून १६ कोटींना घेतली तेव्हा फ्रान्सचे ८ कोटी बाँक द फ्रान्सने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दिले.

आणि साधी माणसं? २०१० मध्ये लूव्रने क्रानाखच्या तीन देवींच्या छोट्या चित्रासाठी लोकांना हाक दिली, ४० लाख युरोंपैकी १० लाख कमी पडत होते, सात हजारांहून जास्त लोकांनी देऊन टाकले, मुदतीच्या आत. तेव्हापासून दर वर्षी अशी हाक जाते. शार्दां या चित्रकाराचं रानस्ट्रॉबेरीची टोपली हे चित्र २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात २.४ कोटी युरोला गेलं, घेणारं अमेरिकेतल्या टेक्सासचं किंबेल म्युझियम. सर्टिफिकेट अडलं, ३० महिन्यांचं घड्याळ सुरू झालं, एलव्हीएमएचने दीड कोटी दिले, लूव्रच्या सोसायटीने हातभार लावला आणि सुमारे १० हजार लोकांनी मिळून १६ लाख दिले. आता ती टोपली लूव्रला आहे. फळांचा ढीग, पाण्याचा ग्लास, दोन पांढरी फुलं, एवढंच आहे त्यात.

हे सगळं का करावं लागतं, तर फ्रेंच म्युझियमं आपलं काही विकू शकत नाहीत. अमेरिकेत म्युझियम एक चित्र विकून दुसरं घेतं, फ्रान्समध्ये सार्वजनिक संग्रह विकता येत नाही हे २००२ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय आणि मूळ शोधलं तर १५६६ च्या मुलँच्या हुकुमापर्यंत जातं, राजाची मालमत्ता राजालाही विकता येणार नाही असा. म्हणून नवीन वस्तू घ्यायची तर क्युरेटर (म्युझियमचा संग्रह सांभाळणारा) आधी फाईल करतो, ती कमिटीपुढे जाते, तिथे भांडणं होतात, कारण एकदा घेतलं की कायमचं.

२००८ मध्ये तो बो न्यूयॉर्कच्या लिलावात येणार होता. त्याआधीच सोसायटीने बोलणी केली आणि ६७.२ लाख युरोला घेऊन लूव्रला दिला. युजेनीचा मुकुटपट्टाही याच सोसायटीने १९९२ मध्ये घेऊन दिलेला, तोही चोरांनी नेला. सरकारी वकिलांनी गेलेल्या आठ दागिन्यांची किंमत ८.८ कोटी युरो सांगितली. त्याचा विमा नव्हता, फ्रेंच सरकार स्वतःच्या म्युझियममधल्या स्वतःच्या वस्तूंचा विमा बाहेर काढत नाही, त्यामुळे त्यांच्या बदल्यात कुठूनही चेक येणार नाही.